कुंपणाखालचं पाणी

सिस्टर निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या वाट्याला दोन नव्या गोष्टी आल्या. एक भिंतीवरचं घड्याळ आणि दुसरी हिरवळ. घड्याळ इस्पितळातल्या लोकांनी निरोपाला दिलं होतं. हिरवळ मात्र कुणी दिली नव्हती, ती विकत घेतलेल्या घराबरोबर आपसूक आली. चौतीस वर्षं नर्सेस क्वार्टरच्या तिसऱ्या मजल्यावर काढलेल्या बाईला माती माहीत होती ती चपलेला लागून येते तेवढीच. दारापुढची ती चार खोल्यांएवढी हिरवी चादर बघून त्या पहिल्या दिवशी नुसत्या उभ्याच राहिल्या. मग कुणी बघत नाही याची खात्री करून त्यांनी चपला काढल्या आणि एक फेरी मारली.

घरात बहिणी दोन, पण सिस्टर एकच. थोरली ती ताई. सगळी गल्ली तिला ताईच म्हणायची. ताई स्वभावाने लोण्यासारखी मऊ, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. दुधवाल्याला घरातली बातमी घरातल्या माणसांच्या आधी कळायची.

गाव कोरडं. पाऊस वर्षातून तीन-चारदा पत्ता विचारायला आल्यासारखा यायचा आणि उंबऱ्याशीच चौकशी करून निघून जायचा. तेव्हा हिरवळ जगायची ती नळाच्या पाण्यावर. पहिल्या उन्हाळ्यात सिस्टरांनी तिला अगदी पोटच्या पोरीसारखी वागवली. रोज संध्याकाळी रबरी पाइप घेऊन पाच मिनिटं सगळीकडून तोंड धुवून काढल्यासारखं पाणी मारायच्या. हिरवळ पण खूश, सिस्टर पण खूश. मग दोघी बहिणी चार दिवस भाच्याकडे राहून आल्या आणि फाटक उघडलं तर समोर काथ्याचं पायपुसणं पसरलेलं.

दुसरी कुणी असती तर रडली असती. सिस्टरांनी स्वयंपाकघरातली सुरी आणली, पोळीएवढा तुकडा कापून काढला, मोरीत धुतला आणि चष्मा लावून बघितला. मुळं अर्ध्या बोटाएवढीसुद्धा नव्हती.

"बाई गं," त्या ताईला म्हणाल्या, "हिला मीच बिछान्याला खिळवून ठेवलं की. तोंडाशी चमचा धरला रोज, मग ही हातपाय हलवेल कशाला?"

"मोरीत माती टाकलीस ती कोण काढणार?" ताईने विचारलं.

त्या दिवसापासून हिरवळीवर उपचार सुरू झाले. सिस्टरांनी दुधाच्या पावडरीचे आठ रिकामे डबे हिरवळीवर मांडले, मधे फिरता फवारा लावला आणि पंधरा मिनिटांनी प्रत्येक डब्यात लाकडी पट्टी घालून पाणी मोजलं. फाटकाजवळच्या डब्यात दोन बोटं पाणी, आणि भिंतीकडच्या डब्याचा तळ नुसता ओला. म्हणजे एकाला जेवण आणि दुसऱ्याला नुसता वास! त्यांनी फवारा सरकवला, पुन्हा मोजलं, पुन्हा सरकवला. त्यात त्यांच्या लक्षात आलं की इथली माती चिकट आहे. दहा मिनिटांत तिचं पोट भरतं आणि मग पाणी वर नुसतं तरंगत बसतं. तेव्हा दहा मिनिटं पाणी, अर्धा तास थांबायचं, पुन्हा दहा मिनिटं. तेही पहाटे, ऊन यायच्या आत. नंतर विणकामाची जाड सुई मातीत खुपसून बघायची. वीतभर सहज गेली की आठवडाभर विचारायचं नाही. मधल्या दिवसांत सकाळी अनवाणी चालून मागे वळून बघायचं. दबलेलं गवत उठून उभं राहिलं तर तहान नाही. पावलांचे ठसे तसेच राहिले तर उद्या पाणी.

गल्लीतल्या लोकांनी पहाटे डबे मांडणारी, सुया खुपसणारी आणि स्वतःच्याच पावलांकडे वळून वळून बघणारी बाई पाहिली आणि आपापसांत ठरवून टाकलं की रात्रपाळ्यांचा परिणाम असा उशिराच दिसतो.

शेजारी राहायचे मास्तर. शाळेत कवायत आणि खेळ शिकवून निवृत्त झालेले. शिट्टी मात्र निवृत्त झाली नव्हती. ती गळ्यात तशीच होती. त्यांच्याकडेही हिरवळ होती आणि तिचे केस मास्तरांसारखेच, अगदी टाळूला लागून कापलेले. पाणीखात्याने पुढच्या उन्हाळ्यात नियम केला की बागेला पाणी आठवड्यातून दोनच दिवस, तेही सकाळी आठच्या आत. मास्तर नियमाचे पक्के. तिसऱ्या दिवशी त्यांनी नळाला हातही लावला नसता. पण ज्या दोन दिवशी मुभा होती त्या दिवशी फवारा घड्याळ लावून दीड तास. दहा मिनिटांत त्यांच्याही मातीचं पोट भरायचं आणि उरलेला वेळ पाणी उतार शोधत निघायचं. मास्तरांचं घर हातभर उंचावर, सिस्टरांचं खाली. ते पाणी कुंपणाखालून सिस्टरांच्या आवाराच्या कोपऱ्यात डोकवायचं, तिथून रस्त्यावर आणि रस्त्यावरून गटारात.

उरलेल्या बँडेजची पट्टीसुद्धा गुंडाळून ठेवणाऱ्या बाईला हे बघवेना. त्यांनी कुंपणाशी जाऊन सरळ सांगितलं, "मास्तर, तुमचं पाणी वाहून चाललंय."

मास्तर हसले. "सिस्टर, तुम्ही इंजेक्शनं बघा. मैदानं मला माहीत आहेत."

"बरं," सिस्टर म्हणाल्या.

हे "बरं" इस्पितळातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनी ऐकलं होतं आणि त्यानंतर काय होतं तेही बघितलं होतं. मास्तरांना अनुभव नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर कुंपणाला लागून खुरपं घेऊन बसल्या. काय चाललंय असं विचारणाऱ्याला त्या सांगायच्या, "फुलझाडं लावतेय." आणि खोटं कशाला बोला, म्हणून झेंडूची दोन रोपं खरंच लावलीही. पण पाच सकाळींत त्या झेंडूंच्या मागे एक वीत खोल, हिरवळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलेला चर तयार झाला. त्यात गोटे भरले, वर पालापाचोळा पसरला. पुढच्या वेळी मास्तरांचा फवारा सुरू झाला तेव्हा पाणी नेहमीसारखं कुंपणाखालून आलं, गोट्यांत शिरलं आणि गटाराचा रस्ता विसरलं.

ताई ओट्यावर उभी राहून बघत होती. "हे चोरीत मोडतं का गं?"

"सांडलेलं पुसून घेतलं तर चोरी होते का?"

"नाही."

"मग? आणि ताई, कुणाला बोलायचं नाही."

"मी कशाला बोलू!" ताई दुखावून म्हणाली.

उन्हाळा भर डोक्यावर आला. मास्तरांची हिरवळ खालच्या बाजूला हिरवी, वरच्या बाजूला पिवळी, मधे मधे टक्कल. सिस्टरांची मात्र अशी की वाटेने जाणाऱ्याने थांबून बघावं. त्यात सिस्टर मुभेच्या दोन दिवसांपैकी एकच दिवस फवारा लावायच्या. मास्तर हे मोजत होते. शेवटी न राहवून त्यांनी कुंपणावरून विचारलं, "सिस्टर, घालता तरी काय हिला?"

सिस्टरांनी सुई मातीत खुपसली, डोळे मिटले, मान हलवली. "काही नाही हो. रोज सकाळी ताप बघते. आज जरा कणकण आहे, पण उतरेल."

"सुईने ताप कळतो?"

"तुमच्या हिरवळीचाही बघून देऊ? पण ती मला जरा बुजरी वाटते. अनोळखी माणसाला हात लावू देईल असं वाटत नाही."

मास्तर आत जाऊन बायकोला, म्हणजे गल्लीच्या वहिनींना, म्हणाले, "ती बाई लबाड आहे. चोरून पाणी घालते. नियम म्हणजे नियम." वहिनी तांदूळ निवडत होत्या, त्यांनी मान वर न करता "हं" केलं. मास्तरांनी फुलस्केप कागदावर, वळणदार अक्षरात, पाणीखात्याला तक्रार लिहिली.

चार दिवसांनी सकाळी सातच्या सुमाराला खात्याचा निरीक्षक आला. किडकिडीत माणूस, काखेत जाडजूड वही, हातात मीटरच्या झाकणाची किल्ली. दिवस मुभेचा होता. मास्तरांचा फवारा फिरत होता आणि मास्तर कुंपणाशी, पाठ ताठ करून, न्याय होताना बघायला उभे होते.

निरीक्षकाने झाकण उघडलं, आतल्या कोळ्याला बाजूला केलं, आकडा वाचला, वहीतला मागचा आकडा बघितला आणि पुन्हा मीटर बघितलं. मग त्यावर बोटाने टकटक केलं.

"मावशी, या आकड्यात दोन माणसांच्या आंघोळीसुद्धा नीट होत नाहीत. आणि तुम्ही एवढी हिरवळ राखलीय?"

"आम्ही बायका अंगाने लहान आहोत," सिस्टर म्हणाल्या.

"मीटर चालू आहे ना?"

"तुमच्याच खात्याने बसवलंय. मी कसं सांगू?"

निरीक्षकाने नळ सोडून बघितला. मीटर इमानाने फिरलं. त्याने भिंतीला कान लावून चोरजोडणीचा आवाज येतो का ते ऐकलं, मागच्या अंगणात जाऊन आला, गच्चीवर जाऊन आला. सिस्टर शांतपणे डबे पुसत बसल्या होत्या. आणखी पाच मिनिटं गेली असती तर तो शेरा मारून निघूनही गेला असता. पण तेवढ्यात ताई चहा घेऊन बाहेर आली आणि निरीक्षकाचा घामेजलेला चेहरा बघून तिला त्याची दया आली.

"अहो, असे उन्हात काय फिरताय? चोरीबिरी काही नाही..."

सिस्टर खोकल्या. त्या खोकल्याने एके काळी तीन वॉर्डबॉय हातातली बिडी टाकून धावत यायचे.

"...मास्तरांचंच तर पाणी आहे!" ताईने वाक्य पुरं केलं. "ते बघा ना, झेंडूच्या मागे."

आता गोट्यांतून जाणाऱ्या पाण्याची गुळगुळ सगळ्यांना स्वच्छ ऐकू आली. निरीक्षक गुडघ्यावर बसला, पाला बाजूला केला, चार गोटे उचलले आणि चराच्या कडेने रांगत रांगत हिरवळीच्या टोकापर्यंत गेला. परत आला तेव्हा पँटचे गुडघे चिखलाने माखलेले, पण चेहरा उजळलेला.

"उतार कसा काढलात मावशी?"

"सलाइनची नळी होती जुनी. तिच्यात पाणी भरून दोन टोकं धरली की पातळी कळते."

"हे माझं पाणी आहे!" मास्तर कुंपणापलीकडून कडाडले. "माझ्या मीटरमधून गेलेलं! थेंबन्थेंब माझा!"

निरीक्षक सावकाश उभा राहिला आणि त्याने वही उघडली. "मास्तर, हे वाहतं पाणी तुमचं आहे?"

"अर्थात!"

"नक्की?"

"लिहून देतो!"

"द्याच. इथे सही करा." त्याने वही कुंपणावरून पुढे केली. मास्तरांनी झोकात सही केली आणि मग वर काय छापलंय ते वाचलं. बागेचे पाणी स्वतःच्या आवाराबाहेर वाहू देणे. पहिली ताकीद. पुन्हा आढळल्यास बागेच्या नळाला सील.

मास्तरांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. जन्मात कधी ताकीद मिळाली नव्हती त्या माणसाला. आजवर त्यांनीच दिल्या होत्या.

"आणि यांचं काय?" त्यांनी सिस्टरांकडे बोट केलं.

निरीक्षकाने वही पुढून मागे आणि मागून पुढे चाळली. "यांच्याबद्दल नियमात काहीच नाही. कुणी असं करेल हे नियम लिहिणाऱ्याच्या डोक्यात आलं नसावं." त्याने चहा संपवला, ताईला कप परत दिला आणि सिस्टरांना नमस्कार करून गेला.

त्या सकाळी सिस्टर मनातल्या मनात खूप हसल्या. मग हसू ओसरलं, कारण मास्तरांनी पाणी घालणंच सोडून दिलं. एक मुभेचा दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. फवारा कोपऱ्यात उलटा पडून होता. हिरवळ आधी राखाडी झाली, मग पिवळी, आणि मास्तर ओट्यावर तिच्याकडे पाठ करून पेपर वाचत बसायचे. तोच पेपर, दिवसभर.

वहिनी भाजीच्या दुकानात भेटल्या. सिस्टरांनी विचारलं, तेव्हा त्या भेंड्या मोडून बघता बघता म्हणाल्या, "तुम्हाला माहीत नसेल. चाळीस वर्षं त्यांनी मुलांना खडीवर पळवलं. दर वर्षी अर्ज करायचे, मैदानाला गवत द्या, मुलं पडली की गुडघे फुटतात. एकदाही मंजूर झाला नाही. निवृत्त झाल्यावर म्हणाले, आता माझं गवत मी करणार. गल्लीतल्या पोरांना तिथे कोलांट्या मारायला बोलावणार होते. अजून नीट उगवलंच नाही म्हणून बोलावलं नाही."

सिस्टर भेंडी न घेताच घरी आल्या. ताई काही विचारणार होती, पण चेहरा बघून गप्प बसली, आणि ताई गप्प बसली म्हणजे चेहरा किती वाईट असेल ते समजून घ्यावं.

पुढच्या मुभेच्या दिवशी पहाटे, जेमतेम उजाडत असताना, सिस्टर आठ डबे, पट्टी आणि सुई घेऊन मास्तरांच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. मास्तर ओट्यावर होतेच.

"पेशंट बघायला आलेय," सिस्टर म्हणाल्या.

"पेशंट गेला."

"ते डॉक्टरांनी सांगायचं असतं."

"तुम्ही डॉक्टर नाही."

"म्हणूनच अजून आशा आहे." त्या आत शिरल्या, खाली बसल्या आणि पिवळ्या गवताचा एक झुबका बोटांनी फाकवला. बुडाशी, मातीला टेकून, फिकट हिरवा कोंब होता. "हे बघा. पानं गेलीत, जीव आहे. झोपलीय नुसती."

मास्तर चार पायऱ्या उतरून आले, वाकले, बघितलं. बराच वेळ बघितलं. मग सरळ होऊन म्हणाले, "ही जगली तर तुमचं नुकसान आहे. तुमचा चर कोरडा राहील."

"राहील." सिस्टरांनी हात झटकले. "मास्तर, मी तुम्हाला एकदाच सांगितलं आणि गप्प बसले. पुढे गप्प बसण्याचा फायदा व्हायला लागला, म्हणून गप्पच राहिले. हे काही बरं केलं नाही मी."

मास्तरांनी शिट्टीशी चाळा केला. "मीही तक्रार करायच्या आधी विचारायला हवं होतं."

"विचारलंत की. मीच ताप सांगितला."

तेव्हा कुठे मास्तर हसले.

उपचाराची शिस्त मास्तरांनी अशी काही उचलली की सिस्टरच चाट पडल्या. पहाटे फवारा सुरू व्हायचा. बरोबर दहा मिनिटांनी कडक शिट्टी आणि आरोळी, "बंद! विश्राम!" अर्ध्या तासाने पुन्हा शिट्टी, "दुसरी फेरी, सुरू!" आठवड्यातून दोन पहाटे अख्खी गल्ली अंथरुणात सावधान व्हायची. लोकांनी सिस्टरांकडे गाऱ्हाणं नेलं. सिस्टर म्हणाल्या, "औषध गोड लागत नाही म्हणून बंद करायचं का?" आणि कानात घालायला प्रत्येकाला थोडा थोडा कापूस दिला.

भांडण झालं ते गवताच्या उंचीवरून. सिस्टरांचं म्हणणं, तीन बोटं उंच ठेवा, स्वतःची सावली स्वतःच्या मुळांवर पडते, माती लवकर सुकत नाही. मास्तरांचं म्हणणं, केस वाढले की शिस्त गेली. शेवटी दोन पट्टे शेजारी शेजारी ठेवायचे ठरलं. एक मास्तरांचा आखूड, एक सिस्टरांचा उंच. तीन आठवड्यांनी मास्तर आखूड पट्ट्यात अनवाणी चालले, मागे वळले, तर ठसे तसेच. उंच पट्ट्यात चालले, तर ठसे पुसलेले. गवत कापायच्या यंत्राचं पातं त्यांनी गुपचूप दोन खाचा वर चढवलं, आणि ते वहिनींनी बघून लगेच ताईला सांगितलं. त्यानंतर ते गल्लीला सांगायची गरज उरली नाही.

सिस्टरांच्या बाजूला मात्र कुंपणालगतची पट्टी सुकत चालली. फुकटच्या पाण्याची चटक लागलेली मुळं दुसरीकडे वळायला तयार होईनात. आठवड्याचं दुसरं पाणी चालू केलं तर ती वाचली असती. सिस्टर दोन दिवस तिच्याभोवती फिरल्या, सुया खुपसल्या आणि मग पाणी चालू केलं नाही. खुरप्याने ती पट्टी सगळी काढून टाकली, तिथे खडी पसरली आणि भंगारवाल्याकडून दोन लोखंडी खुर्च्या आणून मांडल्या.

"एवढी जपलीस आणि आता उपटलीस?" ताईने विचारलं.

"जपायला जेवढी हवी तेवढीच ठेवली. बाकी आपल्याला बसायला."

पहिल्यांदा तिथे बसले ते मास्तर. न विचारता फाटकातून आले, खुर्ची हलवून ती डुगडुगत नाही ना ते बघितलं आणि टेकले. त्यांच्या हिरवळीवर गल्लीतल्या दोन मुली कोलांट्या मारत होत्या आणि तिसरी त्यांची शिट्टी फुंकत होती.

"वरच्या कोपऱ्यात अजून टक्कल आहे," मास्तर म्हणाले.

"तिथे फवारा पोचत नाही. डबे मांडा, कळेल."

"मांडले. सहावा डबा कोरडा."

"मग फवारा सरकवा."

"सरकवला. आता दुसरा कोरडा."

सिस्टरांनी सुस्कारा सोडला. "ताई, चहा टाक गं. हे काही लवकर उठत नाहीत."